प्लास्टिकच्या विटांचा बाजाररस्ता

मिरजेतील एका डेंटल लॅबमध्ये मी ३४ वर्षे कवळ्या, कॅप आणि ब्रिज तयार केले. निवृत्त झाल्यावर सांगलीच्या घरी माडीवरच्या खोलीत आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद प्लायवर रेल्वेचे मॉडेल मांडायला घेतले. रूळ महिन्याभरात बसले, गाडी फिरू लागली. रुळांच्या पलीकडे ज्या आठ इमारतींचा बाजाररस्ता उभा करायचा होता, त्याला मात्र चौदा महिने लागले, आणि या लेखात मी त्या चौदा महिन्यांबद्दलच लिहिणार आहे.

रस्ता अमेरिकेतल्या एका लहान शहराचा आहे, काळ १९५० च्या सुमाराचा. मिरज जंक्शनवर ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइनची नॅरोगेज अशा तिन्ही मापांच्या गाड्या पाहत लहानाचा मोठा झालेला माणूस अमेरिकेचा बाजार का मांडतो, असे मला अनेकांनी विचारले. याचे उत्तर मापात आहे. माझ्या गाड्या मॉडेल रेल्वेतल्या एचओ या प्रमाणाच्या आहेत, आणि ते १:८७ चे असते, म्हणजे प्रत्येक वस्तू खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची. त्यातील दोन रुळांमधल्या साडेसोळा मिलिमीटर अंतराला ८७ ने गुणले की अमेरिका-युरोपातील १,४३५ मिलिमीटरचे स्टँडर्ड गेज मिळते. आपले ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचे असल्यामुळे त्याच प्रमाणात त्याला सव्वाएकोणीस मिलिमीटरचा रूळ हवा, आणि तो बाजारात तयार मिळत नाही. शिवाय मिरजेच्या किंवा सांगलीच्या इमारतींची प्लास्टिक किट, म्हणजे सुटे भाग जोडून इमारत उभी करायचे संच, मला कोठेही आढळली नाहीत. पुण्यात कोथरूडचे जोशी रेल्वे म्युझियम १९९८ साली सुरू झाले, तेही १:८७ मध्येच आहे. तेथे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गाड्यांपेक्षा इमारतींच्या भिंतींसमोर जास्त वेळ उभा राहिलो होतो. पुढे शिकागोला असलेल्या माझ्या भाच्याने दोन खेपांमध्ये वॉल्थर्स आणि डिझाइन प्रिझर्वेशन मॉडेल्स या अमेरिकी कंपन्यांची किट आणून दिली, आणि माझा रस्ता कुठल्या देशातला असणार हे तेव्हाच ठरले.

खोके उघडल्यावर पहिल्यांदा आश्चर्य वाटते ते विटांचे. अमेरिकेतील नेहमीची वीट सांध्यासकट उंचीला सुमारे पावणेतीन इंच भरते, म्हणजे १:८७ मध्ये तिचा एक थर पाऊण मिलिमीटरच्या आसपास येतो. इतक्या बारीक थरांची अख्खी भिंत, खिडक्यांवरच्या कमानी आणि वरच्या कंगणीसह, एकाच ओतकामात उतरलेली असते. जन्मभर साच्यातून वस्तू काढण्याचे काम केलेल्या माणसाला त्या साच्याबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही. मात्र साच्यातून सुटलेल्या प्रत्येक वस्तूवर साच्याच्या खुणा असतात, आणि किटचे अर्धे काम त्या खुणा घालवण्याचे आहे. सुरुवातीला सर्व भाग भांडी घासण्याच्या साबणाने धुवून वाळवावे लागतात, कारण साच्यातला तेलकटपणा पृष्ठभागावर राहिला तर पुढे रंग धरत नाही. सुटे भाग एका प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात; त्या चौकटीतून सोडवताना ते हाताने पिरगाळायचे नाहीत. नायपरने थोडे दूरवर कापायचे आणि राहिलेला बोंडा कटरने, मग पॉलिश पेपरने उतरवायचा. इथवरचे काम कोणालाही जमेल.

खरी कसोटी भिंतीच्या कडेला लागते. भाग साच्यातून सहज सुटावा म्हणून त्याची कड काटकोनात न ठेवता किंचित तिरकी ठेवलेली असते. अशी कड तशीच चिकटवली तर कोपरा काटकोनात बसत नाही. पुढच्या भिंतीला लावलेली बाजूची भिंत अवघ्या दोन अंशांनी कलली, तरी ११० मिलिमीटर मागे जाईपर्यंत ती जवळजवळ चार मिलिमीटर बाहेर पडते. मग मागची भिंत पुरत नाही, छताला फट राहते आणि शेजारची इमारत तिला टेकत नाही. सुट्या इमारतीत एवढी चूक कदाचित खपून जाईल, पण बाजाररस्त्यात इमारती एकमेकींना खेटून उभ्या असतात. पहिलीची चूक आठवीपर्यंत पोहोचते.

म्हणून मी जाड काचेचा तुकडा घेतला, त्यावर २४० नंबरचा पॉलिश पेपर ताणून चिकटवला आणि शेजारी सागवानी लाकडाचा गुण्यात, म्हणजे अचूक काटकोनात तासलेला ठोकळा ठेवला. भिंत ठोकळ्याला टेकवून उभी धरायची आणि कड पेपरवर एकाच दिशेने ओढायची. कड सरळ झाली की नाही हे डोळ्यांना नीट कळत नाही. येथे मला लॅबचा निळा कागद आठवला. दातांच्या कामात कवळीचा कोणता उंचवटा समोरच्या दाताला आधी लागतो हे पाहण्यासाठी आम्ही आर्टिक्युलेटिंग पेपर वापरतो. जेथे दाब पडतो तेथे निळा ठिपका उमटतो, आणि तेवढाच भाग घासायचा असतो. तोच कागद मी कोऱ्या काचेवर पसरला आणि भिंतीची कड त्यावर हलकेच दाबून अर्धा इंच सरकवली. पहिल्या वेळी कडेवर निळे असे फक्त दोन्ही टोकांना आणि मध्ये एका ठिकाणी उमटले, बाकीची कड पांढरीच राहिली. घासून पुन्हा पाहिले तेव्हा ठिपक्यांची रेघ होऊ लागली. सातव्या-आठव्या वेळी कडेच्या पूर्ण रुंदीभर एकसारखी निळी रेघ आली, आणि ती भिंत काचेवर कोणाच्याही आधाराशिवाय उभी राहिली. त्यानंतर एकाही भिंतीला मी या परीक्षेतून सूट दिली नाही. आठ इमारतींच्या मिळून ३२ भिंती होत्या, आणि प्रत्येकीच्या दोन उभ्या कडा व तळ तपासायचा म्हणजे ९६ कडा. दिवसाला तीन-चार होत. हे काम कंटाळवाणे आहे असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मला तसे कधी वाटले नाही.

डिंकाच्या बाबतीत मी सुरुवातीला चुकलो. किटचा डिंक ज्वलनशील द्रव असतो आणि असा द्रव विमानातून आणता येत नाही, त्यामुळे भाच्याला तो आणणे शक्य नव्हते. प्लास्टिक ते प्लास्टिक असे समजून मी कोल्ड क्युअरचे मोनोमर, म्हणजे कवळीच्या अॅक्रिलिकची पूड ज्यात कालवतात तो द्रव, वापरून पाहिले. सुदैवाने प्रयोग चौकटीच्या टाकाऊ तुकड्यावर केला. कवळीचे अॅक्रिलिक आणि किटचे पॉलिस्टायरीन हे दोन वेगळे पदार्थ आहेत. मोनोमरने पॉलिस्टायरीन इतके खोलवर मऊ झाले की दुसऱ्या दिवशीही ते नखाने दबत होते. शेवटी टॅमियाचा एक्स्ट्रा थिन हा पाण्यासारखा पातळ डिंक मागवला. त्याला डिंक म्हणणेही तितकेसे बरोबर नाही, कारण तो दोन्ही कडा थोड्याशा विरघळवून एकजीव करतो आणि स्वतः उडून जातो. भाग आधी कोरडेच जुळवून धरायचे आणि ब्रशचे टोक सांध्याला आतल्या बाजूने फक्त टेकवायचे. द्रव केशाकर्षणाने सांधाभर आपोआप धावतो. वासासाठी खिडकी उघडी आणि पंख्याचा झोत बाहेरच्या दिशेने ठेवणे आवश्यक आहे.

हाच धावरेपणा चौथ्या इमारतीला भोवला. पुढची भिंत आणि बाजूची भिंत धरताना माझा अंगठा नेमका बाहेरून सांध्यावर होता. द्रव सांध्यातून अंगठ्याखाली शिरला, आणि बोट उचलले तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या विटांवर माझ्या अंगठ्याचा स्पष्ट ठसा होता. अशा वेळी पुसायला जाऊ नये. पुसले की मऊ प्लास्टिक फरफटते आणि खड्डा पडतो. मी भिंत दोन दिवस तशीच ठेवली. नंतर ठसा बारीक पेपरने सपाट केला, शेजारच्या शाबूत थरांवरून स्टीलची पट्टी लावून दात तपासण्याच्या टोकदार प्रोबने विटांचे अकरा थर एकेक करून कोरले, आणि मग उभे सांधे. भिंगाखाली तीन संध्याकाळी गेल्या. तेव्हापासून मी भिंती हाताने धरत नाही. दोन लाकडी ठोकळे आणि कपड्यांचे लहान चिमटे लावतो, सांध्यापासून चांगले बोटभर दूर. आतल्या कोपऱ्यात सहा मिलिमीटर जाडीची चौकोनी प्लास्टिक पट्टी उभी चिकटवली की कोपरा पुढे कधी उघडत नाही.

चार इमारती उभ्या झाल्यावर त्या प्लायवर ओळीने मांडल्या आणि माझ्या लक्षात आले की यात काहीतरी मोठे चुकले आहे. प्रत्येक इमारत चांगली होती, पण रस्ता होत नव्हता. दुकानात मांडलेल्या खोक्यांसारख्या त्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. हे काय आहे ते मला आठवडाभर उमगेना. एके दिवशी सकाळी दुकाने उघडायच्या आधी मी गणपती पेठेतून हरभट रोडकडे चालत गेलो. रोज जातो तो रस्ता, पण त्या दिवशी मुद्दाम मान वर करून चाललो. शटर, फ्लेक्सचा बोर्ड, चकचकीत फरशी हे सगळे डोक्याच्या उंचीपर्यंतच होते. त्याच्या वर पाहिले की तीच इमारत पन्नास-साठ वर्षांनी मागे जाते. लाकडी कठडा, उडालेला चुना, बंद खिडकीला वाळत घातलेला पंचा. प्रत्येक दुकानदार आपला खालचा मजला आपल्या सोयीने आणि ऐपतीने बदलतो, आणि वरच्या मजल्याकडे कोणी फारसे पाहत नाही. माझ्या चारही इमारतींचा खालचा आणि वरचा मजला मी एकाच रंगाने, एकाच वयाचा केला होता.

अमेरिकेतल्या त्या रस्त्यांवरही हेच घडले आहे. वरचे मजले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे, विटांचे, पत्र्याच्या नक्षीदार कंगणीचे. १९३० च्या दशकापासून दुकानांच्या दर्शनी भागाला आधुनिक रूप देण्याची तेथे लाट आली, तेव्हा अनेकांनी जुना लाकडी व ओतीव लोखंडाचा दर्शनी भाग व्हिट्रोलाइट नावाच्या रंगीत, अपारदर्शक काचेच्या फरशांनी झाकून टाकला. मी तिसऱ्या आणि सहाव्या इमारतीला हाच उपाय केला. अर्ध्या मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटचे चौकोन कापले, एकावर काळा आणि दुसऱ्यावर गडद हिरवा चकचकीत रंग दिला, आणि दुकानाच्या खिडकीभोवती ते फरशांसारखे बसवले. एका दुकानाच्या वरच्या लहान तावदानांवर पाटी ठोकून ती बंद केली. वरच्या मजल्यांना मी हात लावला नाही. एवढ्या बदलाने त्या ओळीत वेगवेगळ्या मालकांची माणसे राहायला आल्यासारखी वाटू लागली.

विटांच्या रंगाबद्दल लॅबने मला जे शिकवले त्याचा पुरेपूर उपयोग झाला. कोणताही दात एका रंगाचा नसतो. हिरडीपाशी तो पिवळसर असतो, टोकाला राखाडी पारदर्शक होतो, आणि शेजारच्या दाताशी तंतोतंत जुळवलेला दात तोंडात खोटा दिसतो. भिंतींसाठी मी तांबड्याची चार मिश्रणे केली, शिवाय एक फिकट पिवळसर आणि एक तपकिरी. शेजारी शेजारी एकच मिश्रण येऊ दिले नाही. करडा प्रायमर, त्यावर विटेचा मॅट अॅक्रिलिक रंग, आणि तो दोन दिवस वाळल्यावर सांध्यांतील चुना. यासाठी फिकट करडा रंग पाण्याने दुधासारखा पातळ करून त्यात साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाकतो, म्हणजे तो सांध्यांत शिरतो. भिंतभर लावल्यावर जवळजवळ कोरड्या स्पंजने पुसायचे, पण तिरके. आडवे पुसले तर स्पंज आडव्या सांध्यांतला रंगही ओढून नेतो. पहिल्या दोन भिंती मी आडव्या पुसल्या आणि त्या पुन्हा रंगवल्या.

पाण्याचे डाग मी गणपती पेठेतल्याच भिंतींवरून घेतले. खिडकीच्या पाटावरून पावसाचे पाणी मधून वाहत नाही, ते दोन्ही टोकांकडून ओघळते, म्हणून काळे ओघळ पाटाच्या दोन टोकांखाली उतरतात. जमिनीलगतच्या फूटभर भिंतीवर पाणी उडून चिखलाची फिकट पट्टी बसते. १:८७ मध्ये ती साडेतीन मिलिमीटर. खडूची पूड, मऊ ब्रश आणि धीर एवढे पुरते. सांगलीतल्या भिंतींवर २०१९ च्या पुराच्या पाण्याची रेघ मी पाहिली आहे, आणि हात शिवशिवूनही ती या रस्त्यावर मी काढली नाही, कारण माझ्या या रस्त्याजवळ कृष्णा नाही.

कोपऱ्यावरच्या इमारतीची बाजूची भिंत पूर्ण आंधळी, म्हणजे बिनखिडक्यांची होती. अशा भिंतींवर तेथे मोठ्या अक्षरांत जाहिराती रंगवत आणि त्या वर्षानुवर्षे फिकट होत राहत. मी सुरुवातीलाच फिकट रंगाने अक्षरे काढली होती आणि ती जुनी दिसण्याऐवजी अर्धवट दिसत होती. माझ्या ओळखीचे एक पेंटर आहेत, हाताने बोर्ड रंगवण्यात त्यांचे आयुष्य गेले. त्यांना मी ती भिंत दाखवली. भिंगातून त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, ‘‘डॉक्टर, तुम्ही आधीच म्हातारा बोर्ड काढलाय. आधी नवा करा की. मग त्याला म्हातारा होऊ द्या.’’ लॅबमध्ये काम करणाऱ्यालाही आमच्याकडे डॉक्टरच म्हणतात. मी अक्षरे पुसली, पांढऱ्या आणि गडद निळ्या रंगात स्वच्छ, ठसठशीत पुन्हा काढली, आणि आठ दिवसांनी १,००० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून त्यावरून फिरवला. विटांच्या माथ्यावरचा रंग आधी गेला, सांध्यांतला राहिला, आणि अक्षरांमधून भिंत दिसू लागली. संपूर्ण रस्त्यातली हीच भिंत मला सर्वांत जवळची वाटते.

खिडक्यांच्या काचांबद्दल एवढेच सांगतो की तेथे इन्स्टंट ग्लू वापरू नये. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी धूसर झाक येते आणि ती जात नाही. पांढरा फेव्हिकॉल पुरतो, तो वाळल्यावर दिसत नाही. दिव्यांसाठी भिंती आतून आधी काळ्या आणि त्यावर पांढऱ्या रंगवाव्या लागतात, कारण हे प्लास्टिक उजेड अडवत नाही आणि रंगवले नाही तर सगळी भिंत कंदिलासारखी पेटते. १२ व्होल्टवर पिवळसर एलईडीला १ किलोओहमचा रेझिस्टर लावला तेव्हा दुकानाऐवजी सर्चलाइट लागल्यासारखे झाले. ४.७ किलोओहम लावल्यावर प्रवाह सुमारे दोन मिलिअॅम्पिअरवर आला आणि संध्याकाळच्या दुकानातला उजेड मिळाला.

छपरांकडे किटमध्ये फारसे लक्ष दिलेले नसते आणि बांधणाराही देत नाही. पण आपण मॉडेलकडे नेहमी वरून पाहतो, त्यामुळे छप्पर हाच सर्वांत मोठा दिसणारा भाग असतो. बारीक पॉलिश पेपरच्या दहा-अकरा मिलिमीटर रुंद पट्ट्या, म्हणजे प्रत्यक्षातल्या तीन फुटी डांबरी कागदाच्या, एकमेकींवर किंचित चढवून चिकटवल्या आणि सांध्यांवर काळ्या रंगाची बारीक रेघ ओढली. चिमण्या, पाण्याचे नळ, एका छतावर टेलिव्हिजनचा अँटेना. १९५० मध्ये तो प्रत्येक छतावर नसणार, म्हणून एकच.

जुलैमध्ये एक नुकसान झाले. सातव्या इमारतीवर मॅट वार्निशचा शेवटचा स्प्रे पावसाची झड चालू असताना मारला. हवेतल्या ओलाव्याने तो थर दुधाळ पांढरा झाला आणि विटांवर बुरशी आल्यासारखे दिसू लागले. घाईने आणखी मॅट मारले असते तर ते वाढले असते. आठवडाभराने कोरडा दिवस पाहून मी त्यावर ग्लॉस, म्हणजे चकचकीत वार्निशचा पातळ थर दिला, तेव्हा पांढरेपणा बहुतेक गेला, आणि सप्टेंबर संपल्यावर पुन्हा मॅट केले. आता जून ते सप्टेंबर मी फक्त कापतो आणि घासतो, रंगाचे काम दिवाळीसाठी राखून ठेवतो.

इमारती रस्त्यावर बसवताना त्या मी प्लायवर टेकवल्या नाहीत. आधी पदपथ केला, त्यात इमारतीच्या मापाची खाच ठेवली आणि इमारत तिच्यात उतरवली, कारण जमिनीवर ठेवलेल्या इमारतीच्या तळाशी उजेडाची फट राहते आणि ती एका नजरेत खोटी पडते. पदपथाच्या कडेला सोळा मिलिमीटर उंचीचे पार्किंग मीटर लावले. अमेरिकेत ते १९३५ पासून आहेत, म्हणून माझ्या काळाला चालतात. पाचवी आणि सहावी यांच्यात दोन मिलिमीटरची फट राहिली. निळ्या रेघेची परीक्षा पास झालेल्या भिंतींमध्ये ती कशी आली हे शोधताना कळले की प्लायच त्या ठिकाणी किंचित फुगला होता. तेथे पावसाच्या पाण्याचा उभा नळ बसवला आणि त्याखाली पदपथावर ओलसर डाग दिला.

कोपऱ्यावर नवव्या इमारतीसाठी ८८ मिलिमीटर जागा मोकळी ठेवली आहे, म्हणजे तिकडच्या नेहमीच्या पंचवीस फुटी प्लॉटएवढी. तिचे किट गेल्या महिन्यात भाच्याने आणून दिले. ‘‘मामा, ही तीन मजली आहे, जपून,’’ एवढेच म्हणाला. तिची पुढची भिंत आज काचेवर आहे, डाव्या कडेला पूर्ण रेघ आली आहे आणि उजव्या कडेला तळापासून तिसऱ्या खिडकीपाशी निळे अजून दोन ठिकाणी तुटते.